फ्लॅटमध्ये तबल्याचा रियाज कसा करायचा, खालच्यांना त्रास न देता

फ्लॅटमध्ये राहून तबला शिकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनाच हा प्रश्न येतो, रियाज तर रोज हवा आणि खाली किंवा शेजारी कोणीतरी असं असतं ज्यांना आवाज खरंच सहन होत नाही. आमच्या खालच्या काकूंना मायग्रेन आहे. सुरुवातीचे कितीतरी महिने मी वाजवत होतो, त्या काही बोलल्या नाहीत म्हणून मी धरून चाललो की चालतंय. मग एकदा जिन्यात भेटल्या आणि एवढंच विचारलं, अरे आज किती वेळ वाजवणार आहेस? तेव्हा कळलं की आवाजाइतकाच, किंवा जास्तच, त्रास होता तो हे कधी थांबणार ते माहीत नसण्याचा.

म्हणून गादी, रबर वगैरे सगळं नंतर, आधी वेळ ठरवा आणि स्वतः जाऊन सांगा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, तिथे चार लोक मध्ये पडतात आणि साध्या गोष्टीचं भांडण होतं. बेल वाजवायची, काकू मी रोज सात ते आठ बसणार आहे, तुम्हाला ही वेळ जमते का, असं विचारायचं, आणि आठ म्हणजे आठ. कायदा, म्हणजे तबल्यावर विस्तार करत वाजवायची रचना, मध्येच राहिला तरी थांबायचं, कारण एकदा साडेआठ झाले की पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार.

दुसरं, त्यांच्या घरी जाऊन ऐका. हे फार कमी लोक करतात आणि माझ्या मते यानेच सगळ्यात जास्त कळतं. मित्राला वर वाजवायला बसवलं आणि मी काकूंच्या बेडरूममध्ये उभा राहिलो, तर दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, जवळपास ऐकूच येत नव्हता, सगळा डाव्या हाताच्या डग्ग्याचा धप धप असा आवाज, बोल (धा, तिरकिट वगैरे) कळत नाहीत, लय कळत नाही, नुसते ठोके. खर्जातला आवाज भिंती-स्लॅब सहज पार करतो, आणि वर डग्गा चुंबळीसकट (खाली ठेवतात ती गोल कडी) थेट फरशीवर ठेवला की हादरा सरळ काँक्रीटमध्ये उतरतो.

त्यामुळे इलाज पण तिथेच करायचा. मी खाली जाड रबर मॅट, त्यावर प्लायवूडचा तुकडा, त्यावर घडी घातलेली गोधडी आणि मग चुंबळी असं करतो. सतरंजी एकटी पुरत नाही. कोपऱ्यात बसू नका, तिथे खर्ज आणखी घुमतो, आणि सामाईक भिंतीला टेकून तर नाहीच. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून लावा, बाथरूमचं दार लावून घ्या कारण डक्टमधून आवाज पार वरखाली फिरतो. भिंतीला फोम किंवा अंड्याचे ट्रे लावायच्या भानगडीत पडू नका, त्याने आपल्या खोलीतला घुमारा कमी होतो पण पलीकडे जाणारा आवाज विशेष अडत नाही, पैसे वाया.

लहरा, म्हणजे ताल धरायला सतत वाजणारी धून, मोबाईलच्या स्पीकरवर लावायची गरज नाही, एका कानात इयरफोन पुरतो. आणि ठरलेल्या वेळेबाहेर हात शिवशिवले तर पुडीवर (तबल्याच्या चामड्यावर) पातळ रुमाल टाकून हळू वाजवा, किंवा पढंत करा, म्हणजे बोल नुसते तोंडाने म्हणा. तिरकिट तोंडातून स्वच्छ येत नसेल तर हातातूनही येत नाही, त्यामुळे तो वेळ फुकट जात नाही.

आता, दहापर्यंत काहीही वाजवलं तर चालतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० ची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्रीची ४५, म्हणजे दिवसालाही मर्यादा आहेच. सुप्रीम कोर्टानेही २००५ च्या निकालात म्हटलंय की बोलण्याचा हक्क आहे तसा न ऐकण्याचाही आहे. पण हे आकडे घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका, मोबाईल अ‍ॅपचं रीडिंग तर अंदाजेच असतं.

आणि समोरचे म्हणाले की अजिबात वाजवायचंच नाही, तर? तर तबला बंद करू नका. घरात माणसं राहतात, मूल रडतं, मिक्सर लागतो, शून्य आवाज कुणालाच देता येत नाही. शांतपणे सांगा की बंद नाही करू शकत, पण वेळ तुम्ही निवडा, सकाळची की संध्याकाळची. त्यांचा वाईट दिवस असेल तर एक मेसेज करा म्हणावं, त्या दिवशी नुसती पढंत. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मी स्वतःच अर्धा तास करतो.

यंदा गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी मला आठवडाभर दोन तास हवे होते. आधीच जाऊन विचारलं तर काकू म्हणाल्या, सातऐवजी सहाला सुरू कर, सहा ते सात मी भाजी आणायला आणि देवळात जाते, म्हणजे मला एकच तास ऐकायला लागेल.