टेन्शनची गोळी चालू आहे? मग या चुका टाळा

माझं मेडिकल तालुक्याच्या गावात आहे. नैराश्याच्या गोळीला इथे कुणी नैराश्याची गोळी म्हणत नाही. ‘टेन्शनची’, ‘डोक्याची’, फार तर ‘त्या डॉक्टरांनी दिलेली’. चिठ्ठी चार घड्या घालून येते. दुकानात ओळखीचं कुणी असलं की माणूस आधी खोकल्याच्या गोळ्या मागतो आणि गर्दी पांगली की चिठ्ठी पुढे सरकवतो. या घाईत विचारायचं ते राहून जातं, आणि मग घरी जाऊन प्रत्येक जण ही गोळी तापाच्या गोळीच्या हिशेबानं मोजतो. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडणं

तापाची गोळी तासाभरात लागू पडते. या गोळ्यांचं तसं नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या सगळ्यात जास्त लिहिल्या जाणाऱ्या गोळ्या. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडताना सेरोटोनिन सोडतात आणि काम झालं की ते परत ओढून घेतात. ही परत ओढण्याची वाट गोळी अडवते. गंमत म्हणजे हे काम पहिल्याच दिवशी, काही तासांत होतं. तरी मन हलकं व्हायला २ ते ४ आठवडे लागतात आणि पूर्ण फरक कळायला ६ ते ८. कारण वाढलेल्या सेरोटोनिनशी पेशींनी जुळवून घ्यायचं, त्यांच्या आपसातल्या जोडण्या बदलायच्या, हे काम सावकाश चालतं. ‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं, गोळीनं भरून काढलं’ हे सोपं गणित आता शास्त्रज्ञही तसंच्या तसं मानत नाहीत. मेंदू म्हणजे काही पाण्याची टाकी नव्हे.

अडचण अशी की गुण उशिरा येतो आणि त्रास आधी. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, पातळ शौचाला होणं, डोकेदुखी, अस्वस्थपणा, झोप उडणं किंवा उलट पेंग येणं, यांतलं काहीतरी बऱ्याच जणांना होतं. मग चौथ्या दिवशी निरोप येतो, “दादा, ही गोळी गरम पडली, दुसरी द्या.” दुसरी मी देऊ शकत नाही, ते काम डॉक्टरांचं. पण एवढं सांगतो की हा त्रास बहुधा ओसरतो. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी घेतली चालेल का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. पुष्कळ डॉक्टर सुरुवातीला कमी डोस देतात, तो याचसाठी. ‘हलकी गोळी दिली’ म्हणून हिरमुसू नका.

याच दिवसांत एका गोष्टीकडे मात्र घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं. वय २४ किंवा त्याहून कमी असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना काही जणांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. म्हणून गोळी देऊच नये असं नाही. उपचार न झालेलं नैराश्यही जीव घेतं. पण मूल एकाएकी बेचैन झालं, रात्रभर येरझाऱ्या घालू लागलं, चिडचिड विचित्र वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डॉक्टर भेटत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि घरात स्ट्रिपा मोजक्याच ठेवा. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर थेट हृदयावर बेततं. अशा घरी मी महिन्याऐवजी आठवड्याच्याच गोळ्या देतो.

बरं वाटलं म्हणून बंद करणं

ही चूक पहिलीपेक्षा मोठी, कारण ती आनंदात होते. दोन महिन्यांत माणूस कामाला लागतो, जेवू लागतो आणि म्हणतो, आता कशाला? पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर बरं वाटू लागल्यावरही साधारण ६ ते ९ महिने गोळी चालू ठेवतात. वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. मधेच सोडली की आजार उलटण्याची शक्यता वाढते.

एकदम सोडली की आणखी एक प्रकार होतो. चक्कर, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं, विनाकारण रडू, आणि डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांच्यात हा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळतं, म्हणून तिथे कमी. त्रास झाला की लोकांची खात्री पटते, ‘बघा, सवय लागली!’ पण या गोळीची तलफ येत नाही, रोज डोस वाढवावासा वाटत नाही. शरीर जुळवून घेऊन बसलेलं असतं, त्याला पुन्हा जुळवायला वेळ द्यायचा, एवढंच. डोस टप्प्याटप्प्यानं उतरवायचा. किती आठवड्यांत, किती महिन्यांत, ते डॉक्टर ठरवतील.

जोडगोळी न ओळखणं

आता माझी खास तक्रार. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. स्ट्रिपवर दोन नावं असतात, पण वाचतो कोण! यातलं एस्सिटालोप्राम हे सावकाश चालणारं. क्लोनाझेपाम अर्ध्या-एक तासात शांत करतं, झोप आणतं, आणि सवय लागते ती खरी त्याची. सुरुवातीचे काही दिवस बेचैनी आवरायला ते उपयोगी पडतं, नाही असं नाही. पण एक औषध वर्षभर घ्यायचं आणि दुसरं शक्यतो थोड्याच आठवड्यांत सोडायचं, अशी दोघं एका गोळीत बांधली तर एकाला उतरवताना दुसरंही उतरणार. मला हे मिश्रण आवडत नाही, मी विकत असलो तरी.

म्हणून स्ट्रिप उलटी करून वाचा. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम असं काही दिसलं तर डॉक्टरांना सरळ विचारा, “ही किती दिवस?” आणि कित्येक महिने घेत असाल तर आज वाचलं म्हणून आज बंद करू नका. एकदम थांबवल्यानं झोप पार उडते, हात थरथरतात, फिटही येऊ शकते. दारूबरोबर तर ही गोळी नकोच. दोघांची गुंगी एकमेकीवर चढते आणि श्वास मंदावतो.

दुसऱ्या डॉक्टरांपासून लपवणं

दातांच्या डॉक्टरांना काय करायचंय माझं डोकं, असं लोकांना वाटतं. करायचं असतं, कारण त्यांनी दिलेलं औषध तुमच्या गोळीशी भांडू शकतं.

ही गोष्ट मला टीबीच्या औषधावरून समजावायला आवडते. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड वापरून बघत होते. अंथरुणाला खिळलेले रुग्ण हसू-बोलू लागले, त्यांना भूक लागू लागली. त्यातूनच पुढे ते नैराश्यासाठी वापरलं गेलं. सेरोटोनिन मोडणारं एक विकर (एन्झाइम) ते अडवत होतं. यकृताला त्रास होतो म्हणून ते मागे पडलं. पण आज औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात, आणि तेही तेच विकर थोडंफार अडवतं. म्हणजे एका औषधानं सेरोटोनिनची परतीची वाट अडवली, दुसऱ्यानं ते मोडणं थांबवलं, तर ते साचतच जाणार. अंगाला थरथर, दरदरून घाम, जुलाब, छातीत धडधड, ताप, भ्रमिष्टपणा असं एकत्र दिसलं तर थेट दवाखाना गाठा. टीबीचे उपचार स्वतःहून थांबवायचे नाहीत, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवायच्या.

घरगुती पातळीवर हाच धोका ट्रामाडॉलमधून येतो. पॅरासिटामॉलबरोबरच्या जोड-वेदनाशामक गोळीत ते असतं. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही त्यातलंच. शेजारच्या काकूंचं सिरप घेताना बाटली वाचा.

सांधेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर या गोळ्यांबरोबर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी शौचाला झाली तर थांबू नका. आजी-आजोबांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिच्या जोडीला टेन्शनची गोळी आली की रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तोल जाऊ लागला, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी सोडियम तपासा. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन त्याचं काम कमी करू शकतात. त्याऐवजी दुसरी गोळी देता येते, पण ते डॉक्टरांना माहीत तर हवं.

बाकीच्या, थोडक्यात

गोळी राहून गेली तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहू द्या. दोन एकदम नकोत.

जाऊबाईंना लागू पडली म्हणून आपण घेऊ नये. ज्यांना मधूनमधून अतिउत्साहाचे, झोपेविना धावपळीचे, उधळपट्टीचे झटके येतात, त्यांना नुसती ही गोळी दिली तर तो झटका पुन्हा उसळू शकतो.

अर्धशिशी किंवा नसांच्या दुखण्यावर १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं आणि मोबाईलवर ‘नैराश्याचं औषध’ दिसलं, की काही जण स्ट्रिप माझ्या टेबलावर आपटतात. डॉक्टरांनी तुम्हाला वेडं ठरवलेलं नाही. कमी डोसमध्ये ते दुखण्यावरच देतात.

दिवस राहिल्याचं कळताच गोळी टाकून देऊ नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

आणि जे पुरुष मला कानात सांगतात, बायका तेही सांगत नाहीत: शरीरसंबंधातली इच्छा कमी होणं, उशीर लागणं. हा या गोळ्यांचा अगदी ठाऊक असलेला त्रास आहे. गुपचूप गोळी सोडण्याचं हे एक मोठं कारण. डोस बदलून किंवा गोळी बदलून यावर मार्ग निघू शकतो. तोंडानं बोलवत नसेल तर कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

गणपतीला गावी जाताना शेवटच्या चार गोळ्या उरेपर्यंत थांबू नका. तिकडच्या मेडिकलात तीच गोळी मिळेलच असं नाही, आणि चिठ्ठीशिवाय ती मागूही नये. मी स्ट्रिप कापताना नाव आणि मुदत छापलेली बाजू तुमच्याकडे राहील अशी कापतो. तो तुकडा पाकिटात ठेवा, कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी तोच दाखवा.