डिव्हाइस ट्रीत ब्लूटूथचं पॉवर कंट्रोल नीट कसं लिहायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत सेन्सरचं रीडिंग ब्लूटूथनं गोळा करणारा लिनक्स बोर्ड बॅटरीवर चालवायचा असेल, तर भावांनो, ब्लूटूथ चालू होतंय एवढ्यावर खूश होऊ नका, बंद केल्यावर चिपची पॉवर खरंच जातीय का ते बघा, आणि ते सगळं डिव्हाइस ट्रीवर, म्हणजे बोर्डवर काय कुठं जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाईलवर, ठरतंय.

आधी स्कीमॅटिक, म्हणजे बोर्डाचा सर्किट नकाशा, उघडा. ब्रॉडकॉमची वायफाय-ब्लूटूथ एकत्र असलेली चिप धरू. तिला बीटी-रेग-ऑन (ब्लूटूथ चालू करणारा) आणि डब्ल्यूएल-रेग-ऑन (वायफाय चालू करणारा) असे दोन वेगळे पिन असतात, आणि दोन्ही लो झाल्याशिवाय आतले रेग्युलेटर बंद होत नाहीत. म्हणजे वायफाय चालू ठेवून करंट का उतरंना म्हणून डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

आता ब्लूटूथचा नोड (डिव्हाइस ट्रीतला एका भागाचा ब्लॉक) यूएआरटीच्या, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या सिरीयल पोर्टच्या, नोडच्या आत लिहायचा, बाहेर सुटा नाही. कंपॅटिबल स्ट्रिंग (कुठला ड्रायव्हर लागणार ते सांगणारं नाव) तुमच्या चिपची, आणि फ्लो कंट्रोलच्या वायरी जोडल्या असतील तर वरच्या यूएआरटी नोडला यूएआरटी-हॅज-आरटीएससीटीएस द्या.

खरी गोची शटडाऊन-जीपीआयओज या प्रॉपर्टीत आहे (जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरनं हाय-लो करता येणारा पिन). नाव बघून माणूस ॲक्टिव्ह लो (१ दिला की पिन लो) लिहून मोकळा होतो, पण ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर चिप चालू करताना या लाईनला १ देतो आणि बंद करताना ०, म्हणून बीटी-रेग-ऑन थेट जोडला असेल तर ॲक्टिव्ह हायच लिहायचं. मधे उलटवणारा ट्रान्झिस्टर असेल तरच लो. रिअलटेकच्या यूएआरटी चिपला हीच प्रॉपर्टी एनेबल-जीपीआयओज या नावानं येते, त्यामुळं दुसऱ्या बोर्डाचा नोड डोळे झाकून कॉपी मारू नका.

सप्लाय व्हीबॅट-सप्लाय (चिपची मुख्य पॉवर) आणि व्हीडीडीआयओ-सप्लायनं (पिनांची पॉवर) जोडा. फिक्स्ड रेग्युलेटर वापरताय तर एनेबल-ॲक्टिव्ह-हाय वेगळं लिहावंच लागतंय, कारण तिथं जीपीआयओवरचा पोलॅरिटी फ्लॅग मोजलाच जात नाही. आणि रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन टाकून काम उरकायची सवय मला अजिबात पटत नाही, बॅटरी तिथंच मरते.

बूट लॉगमध्ये उणे १६ हा एरर दिसला तर तोच पिन आधीच कुणीतरी धरलाय, बहुतेक जुना आरएफकिल (रेडिओ चालू-बंद करणारा) नोड नाहीतर जीपीआयओ हॉग (बूटलाच पिन धरून ठेवणारा नोड), तो काढा. जुनी एचसीआयअटॅचची (सिरीयल पोर्टला ब्लूटूथ जोडून देणाऱ्या टूलची) सर्व्हिस असेल तर तीपण बंद करा, आता ड्रायव्हर स्वतःच पोर्ट सांभाळतो. उणे ११० म्हणजे चिप उत्तरच देत नाही, मग पॉवर, पोलॅरिटी आणि टीएक्स-आरएक्सच्या वायरी याच क्रमानं तपासा.

शेवटी ड्रायव्हर अनबाइंड करा (ब्लूटूथसीटीएल या कमांडमधल्या नुसत्या पॉवर ऑफवर विसंबू नका) आणि डीबगएफएसमधली, म्हणजे कर्नलच्या तपासणी फोल्डरमधली, जीपीआयओ फाईल वाचा, शटडाऊन नावाची लाईन हायची लो झाली पाहिजे. मग मल्टिमीटर थेट पिनवर लावा. कर्नल लो म्हणतोय आणि पिनवर व्होल्टेज तसंच आहे, तर बोर्डवरचा पुल-अप (लाईन हायला ओढून धरणारा रेझिस्टर) शोधा.