आयटीआयला पोरगं घालण्याआधी

दहावीचा निकाल लागला की आमच्या येळ्ळूरच्या घरी दरवर्षी दोन-चार पालक येतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 35 वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर काढली, म्हणून लोकांना वाटतं मला यातलं कळतं. प्रश्न ठरलेला: "मामा, पोरग्याला कुठल्या ट्रेडला घालू म्हणताय?" माझंही उत्तर ठरलेलं: "ट्रेड राहू दे बाबा, आधी प्रॅक्टिकलची शेड बघून ये."

ऑफिसात गेलात की कॉम्प्युटरची खोली दाखवतात, भिंतीवरचे फोटो दाखवतात. ते बघून झालं की मागच्या शेडमध्ये जा. प्रॅक्टिकल चालू असतानाच जा, सुट्टीच्या दिवशी नको. लेथच्या खालच्या ट्रेत बोट घाला. लोखंडाचा कीस लागला, तेल लागलं, बोट काळं झालं तर बरं समजा. नुसती धूळ लागली तर त्या मशीनवर कुणी काम करत नाही. मग चालू लेथ किती आणि पोरं किती ते मोजा. वीस पोरांत दोन लेथ असतील तर अठरा पोरं दोन वर्षं बघ्याचीच भूमिका करणार.

दुसरी गोष्ट कागदाची. ही सरकारी प्रशिक्षण योजना 1950 ची, आणि देशभर एकच परीक्षा, एकच सर्टिफिकेट असावं म्हणून 1956 मध्ये राष्ट्रीय परिषद झाली. लोक तिला एनसीव्हीटी म्हणतात. आता परिषदेचं नाव बदललंय, खरं तोंडातून तेच येतं. तुम्ही निवडलेल्या संस्थेत तुमच्या पोराचा ट्रेड या राष्ट्रीय मान्यतेत आहे का, हे लेखी विचारा. संस्थेला मान्यता आहे म्हणजे सगळ्याच ट्रेडना असते असं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, हा कागद मात्र उद्यमबागेतही चालतो आणि पलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीतही.

आता ट्रेड. वेल्डर एका वर्षाचा, आठवी पासवर मिळतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, त्यांना दहावी लागते. सगळी गर्दी इलेक्ट्रिशियनला. माझं मत विचाराल तर आपल्या भागात फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आणि मशीन शॉप जास्त, तेव्हा टर्नर किंवा मशिनिस्ट करा आणि वर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन शिका. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. मार्क चांगले असतील तर जीटीटीसी या सरकारी टूल रूम संस्थेचा टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे साचे-हत्यारं बनवायचा डिप्लोमा बघा. तीन वर्षं शिक्षण, वर एक वर्ष कारखान्यात. अवघड आहे, खरं हात तयार होतो.

मराठी शाळेतल्या पोरांची एक अडचण असते. शिकवणारे कन्नड बोलतात, पुस्तकातले शब्द इंग्रजी. पोरगं पहिला महिना गप्प बसतं आणि घरी "कळत नाही" म्हणतं. त्याला एक छोटी वही द्या. मापं घ्यायचे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर, लोखंडावर रेघ मारायचा स्क्रायबर, एकेका वस्तूचं चित्र काढायचं आणि खाली नाव. व्हर्नियर 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचतो, मायक्रोमीटर 0.01 पर्यंत, हेही त्यातच लिहायचं. कन्नड शेडमध्ये आपोआप येतं, मलाही तसंच आलं.

ड्रॉइंगचा तास बुडवू देऊ नका. समोरून, वरून, बाजूने अशी तीन चित्रं वाचता आली नाहीत तर आयुष्यभर दुसऱ्याला विचारून जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, करावा लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईला तांत्रिक शाळेत ते ड्रॉइंगच शिकवत होते. बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. इथली जागा सोडावी लागली म्हणून 1910 मध्ये ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी तिकडे झाली. तो कारखाना इथंच राहिला असता तर, हा विचार उद्यमबागेत चहा पिताना कितीदा केला असेल.

पोरं सोडून जातात ती पहिल्या तीन महिन्यांत. कारण कानस. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा आणि दिवसभर घासायचा. ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरला की फटीतून उजेड दिसतो, पुन्हा घासा. माझ्या तळहाताला फोड आले होते, रात्री भाकरी मोडवत नव्हती. वडील म्हणाले, "घासायला फी भरली काय?" मी तरी टिकून राहिलो. फट बुजली त्या दिवशी काटकोन म्हणजे काय ते पुस्तकाबाहेर कळलं. पोरगं तक्रार करायला लागलं तर दिवाळीपर्यंत तिथंच टिकव, एवढंच सांगतो.

कपडे घेताना बाह्या तोकड्या घ्या. हातात कडं, गळ्यात साखळी नको. आणि लेथवर जॉब पकडणाऱ्या चकची चावी चकमध्ये ठेवून मशीन चालू करायचं नाही. मी एकदा केलं. चावी उडाली आणि भुवईवर बसली. दोन बोटं खाली बसली असती तर डोळा गेला असता.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच नाडकचेरीतून काढून ठेवा, नंतर रांग लागते. आणि परीक्षा झाल्यावर अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यातली उमेदवारी, चुकवू नका. 1961 चा कायदा आहे त्यासाठी. पगार नाही, स्टायपेंड मिळतो, त्यामुळे शेजारचं पोरगं लगेच कंपनीत लागून जास्त कमावताना दिसेल. दिसू दे. मोठ्या कारखान्यात एक वर्ष काढलेल्याला आम्ही गेटवर एवढंच विचारायचो, "कुठल्या मशीनवर होतास?"