रॅकूनला पिंजऱ्यात पकडणे आणि सोडणे: घरमालकाने आधी काय करावे

रॅकून हा मूळचा उत्तर अमेरिकेतला प्राणी असून आपल्याकडे तो आढळत नाही, त्यामुळे मराठीत त्याला नावही नाही. तिकडे घर केलेल्या मराठी कुटुंबांची मात्र उलथलेल्या कचऱ्याच्या डब्यापाशी किंवा माळ्यावरच्या धडधडीतून त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडते. अमेरिकेतल्या पोव्हाटन या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून इंग्रजीत गेलेल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘हातांनी खरवडणारा’ असा सांगितला जातो, आणि त्याच्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या हातांतच आहे. पाच बोटांच्या पुढच्या पंजांनी तो झाकणे उघडतो, साध्या कड्या सरकवतो, छताची सैल फळी उचकटतो आणि पिंजऱ्याच्या जाळीतून बोटे घालून बाहेरूनच आमिष लांबवतो.

पिंजरा आणण्यापूर्वी आपल्या राज्याचा किंवा प्रांताचा नियम पाहावा, कारण पकडलेला प्राणी गाडीत घालून लांबच्या रानात सोडून येणे हा प्रकार वाटतो तितका दयाळूपणाचा नाही आणि अनेक ठिकाणी तो बेकायदाही आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये पकडलेला वन्य प्राणी आपल्या जागेच्या हद्दीबाहेर नेऊन सोडता येत नाही, कॅलिफोर्नियात वन्यजीव खात्याच्या परवानगीवाचून तो इतरत्र हलवता येत नाही, आणि कॅनडातल्या ओंटारिओत तो पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. या कडकपणामागे अनुभव आहे. १९७०च्या दशकात आग्नेय अमेरिकेतून शिकारीसाठी उत्तरेकडे नेलेल्या रॅकूनांबरोबर रेबीजही गेला. १९७७मध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्याचा माग लागला आणि पुढच्या दोन दशकांत तो पूर्व किनाऱ्याने सरकत ईशान्येच्या न्यू इंग्लंड भागापर्यंत पोहोचला. शिवाय अनोळखी मुलखात सोडलेल्या प्राण्याला बीळ, पाणी, खाद्य यांपैकी काहीच ठाऊक नसते, तिथले जुने रॅकून त्याला टिकू देत नाहीत, आणि आपल्या अंगणातली रिकामी झालेली जागा दुसरा रॅकून लवकरच भरून काढतो.

मग पिंजऱ्याचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. गॅरेज, कोठार किंवा डेकखालची (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याखालची) पोकळी अशा आडोशात शिरून बसलेला प्राणी काही केल्या निघत नसेल, तर त्याला बाहेर काढून त्याच्यामागे वाट बंद करणे एवढाच तो उपयोग आहे, आणि म्हणूनच खरे काम पिंजऱ्याच्या आधीचे आहे. कचऱ्याचा डबा रात्री बाहेर न ठेवता गाडी येण्याच्या दिवशी सकाळी ठेवावा, त्याच्या झाकणाला ताणाचा पट्टा लावावा, कुत्र्यामांजरांचे खाणे आणि पाणी संध्याकाळी आत घ्यावे, झाडाखाली पडलेली फळे उचलावीत आणि पक्ष्यांसाठी दाणे टांगले असतील तर ते काही आठवडे काढून ठेवावेत. हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळून ठेवलेली दिसली तर मातीतल्या अळ्यांसाठी तो तिथे येतो असे समजावे.

त्यानंतर वाट शोधावी. पूर्ण वाढलेल्या रॅकूनलाही सुमारे ४ इंचांचे भोक पुरते, त्यामुळे छताची कड, हवेच्या झरोक्याची तुटलेली जाळी आणि उघडे धुराडे नीट तपासावे. संशय असलेल्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबून दोन-तीन रात्री थांबावे. बोळा जागच्या जागी राहिला तर भोक वापरात नाही असे धरता येते, मात्र कडाक्याच्या थंडीत रॅकून दिवसचे दिवस आत पडून राहत असल्याने हिवाळ्यात या परीक्षेवर विसंबू नये.

सर्वांत मोठी खबरदारी पिल्लांची आहे. पिल्ले बहुधा मार्च ते मे या काळात होतात आणि साधारण आठ ते दहा आठवडे बिळाजवळच असतात. या दिवसांत माळ्यावर किंवा धुराड्यात बसलेली मादी पकडली, अथवा ती बाहेर गेली असताना भोक बुजवले, तर आत अडकलेली पिल्ले उपासमारीने मरतात, आणि आत शिरण्यासाठी आई छत फाडते ते वेगळेच. आतून किलबिलाटासारखा किंवा कुरकुरण्याचा आवाज येत असेल तर पिंजरा लावण्याचा विचार सोडून द्यावा. तिला आपणहून हलवण्यासाठी तिथे दिवा लावून ठेवावा आणि माणसांच्या बोलण्याचा रेडिओ चालू ठेवावा. मादीच्या माहितीत सहसा आणखी बिळे असतात, आणि जागा निवांत उरली नाही की ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. त्यासाठी तिला काही रात्री द्याव्यात. धुराड्यात जाळ किंवा धूर कधीही करू नये, कारण लहान पिल्लांना चढून बाहेर पडता येत नाही. पिल्ले आईच्या मागे हिंडू लागली असतील, तर बाहेर उघडणारे पण आत न उघडणारे एकमार्गी दार भोकावर बसवणे हा पिंजऱ्यापेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे.

तरीही पिंजरा लावायचाच असेल तर तो जाड तारेचा, एका बाजूला दार असलेला, निदान ३२ इंच लांब आणि १० ते १२ इंच रुंद व उंच असावा. तो त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, सपाट जागी, फळीवर ठेवावा आणि वर विटा ठेवून किंवा खुंटीला बांधून पक्का करावा, कारण हलणाऱ्या पिंजऱ्यात रॅकून पाऊल टाकत नाही आणि न बांधलेला पिंजरा तो सरळ उलथतो. आजूबाजूला दोनेक फुटांपर्यंत झुडूप, पडदा, सायकल असे काही ठेवू नये. अडकल्यावर हाताला लागेल ते तो आत ओढतो.

आमिष म्हणून मासे किंवा मांजराचे खाणे टाळावे, नाहीतर सकाळी शेजाऱ्यांचे मांजर किंवा त्याहून वाईट म्हणजे स्कंक (दुर्गंधीचा फवारा सोडणारा प्राणी) आत बसलेला असतो. मार्शमेलो ही मऊ साखरी मिठाई सर्वांत सोयीची, कारण रॅकूनला ते आवडते आणि मांजर त्याकडे पाहतही नाही. आमिष दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या भिंतीपाशी ठेवावे आणि तेवढ्या भागावर बाहेरून बारीक जाळी गुंडाळावी. पहिल्या दोन-तीन रात्री दार तारेने उघडे बांधून ठेवून त्याला निर्धास्तपणे खाऊ द्यावे. घाई करणाऱ्यांचे पिंजरे रिकामे राहतात ते बहुतेक इथेच.

दार मोकळे केल्यावर पिंजरा संध्याकाळी लावावा आणि उजाडताच पाहावा. दिवसभर उन्हात किंवा रात्रभर पावसाथंडीत प्राणी कोंडून ठेवणे ही क्रूरताच आहे, म्हणून हवामान वाईट असेल त्या रात्री पिंजरा लावूच नये. प्राणी अडकलेला दिसला की जुनी चादर समोर धरून हळू जावे आणि ती पिंजऱ्यावर टाकावी, म्हणजे अंधारात तो शांत होतो. जाड चामडी हातमोजे, लांब बाह्या आणि बंद बूट घालावेत आणि पिंजरा फक्त वरच्या कडीने उचलावा. लडखडत चालणारा, गोल गोल फिरणारा किंवा माणसाची भीतीच न उरलेला प्राणी सोडू नये आणि हाताळूही नये. स्थानिक प्राणी नियंत्रण विभागाला कळवावे. केवळ दिवसा दिसला म्हणून तो पिसाळला असे मात्र नाही, कारण लेकुरवाळी मादी दिवसाही खाणे शोधते. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि तो प्राणी सोडून देऊ नये.

सोडण्यापूर्वी आत दुसरा प्राणी किंवा पिल्लू नाही याची पुन्हा खात्री करून भोक अर्धा इंची, जाड तारेच्या जाळीने बंद करावे. डेकखाली ही जाळी फूटभर खोल पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी, म्हणजे खणणाऱ्याला तीच आडवी येते. मग पिंजऱ्याचे तोंड झाडांकडे, रस्त्याच्या विरुद्ध दिशेला करावे, मागे उभे राहून दार उघडावे आणि ते अडकवून ठेवावे. काही रॅकून तीरासारखे सुटतात, काही मिनिटे न् मिनिटे आत बसून राहतात. काठीने ढोसू नये, दूर जाऊन थांबावे.

रॅकून ठरलेल्या एकाच जागी विष्ठा टाकतो आणि तिच्यात गोलकृमींची अंडी असू शकतात, जी दोन ते चार आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात आणि माणसाच्या मेंदूपर्यंत इजा पोहोचवू शकतात. म्हणून मास्क आणि हातमोजे घालून, धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडून ती उचलावी आणि ती जागा व पिंजरा उकळत्या पाण्याने धुवावा. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत.