तहान लागायच्या आधी: चंद्रपूरच्या उन्हात अंग कसं जपायचं

आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणं नवीन नाही. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की रात्रीसुद्धा भिंतींना हात लावून बघा, गरमच लागतात. मी या जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे, पण उन्हाळा लागला की जीव स्वस्थ बसत नाही. ऊन लागून जाणारी बहुतेक माणसं वाचू शकतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून घरोघरी जे सांगत फिरले, तेच इथे लिहिते.

"तहान लागली की पिऊ" ही सवय आधी सोडा. तहान जाणवते तोवर अंगातलं पाणी बरंच कमी झालेलं असतं, आणि साठीच्या पुढे तर तहान नीट कळतही नाही. घरातल्या आजोबांना "पाणी हवं का?" असं विचारू नका, ते नकोच म्हणतील. पेला हातात द्या आणि संपेपर्यंत जवळ बसा. पाणी पुरतंय की नाही हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद झाली किंवा दुपारभर झालीच नाही, तर पाणी कमी पडतंय. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर उन्हाळ्याचं प्रमाण त्यांनाच विचारा. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तरीही विचारा.

उन्हात राबणाऱ्यांनी दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावं. एकदम तांब्याच्या तांब्या रिचवू नये, तासाला दीड लिटरच्या वर तर नाहीच. घामाबरोबर मीठही जातं. तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलात तर पायात गोळे येतात, डोकं गरगरतं. म्हणून मधून मधून ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी, पन्हं किंवा आंबील घ्या.

आंबिलीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती मागे पडत चालली आहे. रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून झाकून ठेवायचं. सकाळी पाणी घालून, ढवळत मंद आचेवर शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. निवली की मीठ, ठेचलेला लसूण, जिरं आणि वरून आणखी ताक. पातळ करा, पेल्याने पिता आली पाहिजे. तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायका कोऱ्या चहावर निघतात आणि दहा वाजता चक्कर येते. त्याऐवजी दोन पेले आंबील पिऊन निघा. पाणी, मीठ आणि पोटाला आधार, तिन्ही एकदम मिळतं. पन्हंही उत्तम, फक्त मधुमेह असेल तर त्यातल्या गुळाचा हिशेब ठेवा.

जुलाब-उलट्या असतील तर मात्र ओआरएसच हवं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचून घ्या. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत, त्यांतल्या जादा साखरेने जुलाब वाढू शकतात. लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, पेलाभर पाण्यात चिमूट-चिमूट नको. एकदा केलेलं २४ तासांनंतर फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

आता उन्हाचं. दुपारी १२ ते ४ घरात राहता आलं तर राहा. शेतातलं काम पहाटे उरका आणि राहिलेलं संध्याकाळवर ढकला. वाळवणाच्या दिवसांत बायका भर दुपारी गच्चीवर कुरडया उलथत बसतात, ते सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर करा. पापड कुठे पळून जात नाहीत, माय. पुण्या-मुंबईहून लग्नाला आलेल्या पाहुण्यांना आणि नव्याने कामावर लागलेल्या पोरांना पहिला आठवडा-दीड आठवडा जपा. अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

डोक्याला सुती दुपट्टा किंवा शेला, फिक्या रंगाचा, कान आणि मान झाकेल असा. पूर्ण बाह्यांचा सैल सुती कपडा उघड्या अंगापेक्षा बरा. छत्री वापरायला पुरुषांनी लाजू नये. चेहऱ्याला सनस्क्रीन लावणार असाल तर एसपीएफ ३० किंवा वरचं, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि घाम आला की दर दोन तासांनी पुन्हा. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. तो भाकरीबरोबर खा.

घरात कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत ओल साचते, मग घाम वाळत नाही आणि गारवा येतच नाही. कूलर नसलेल्या घरात ४० अंशांच्या वर कोरडा पंखा गरम हवाच फेकतो, तेव्हा अंगावर ओलं फडकं घ्या आणि मग पंख्याखाली बसा.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. माणूस बरळायला लागला, झोकांड्या देऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून धीर धरू नका, राबताना ऊन लागलेल्याला घाम येत असतोच. कुणालातरी १०८ला फोन लावायला सांगा आणि तुम्ही त्याला सावलीत आणून थंड करायला लागा. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. नुसती कपाळावर पट्टी पुरत नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातो. तापाची गोळी इथे कामाची नाही. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका, गाडीत घातल्यावरही ओलं ठेवा.

आणि दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला लगेच उन्हात पाठवू नका. त्याचं अंग पुढचे काही आठवडे ऊन सोसत नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याच्या वाटचं शेत दुसऱ्या कुणीतरी बघा.