पाकोळी ओळखताना आणि हातात घेताना या चुका टाळा

तारेवर बसलेला पक्षी पाकोळी (इंग्रजीत स्विफ्ट) नसतो. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तरी बऱ्याच चुकीच्या नोंदी टळतील. कृष्णेकाठी विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या दिसतात त्या भिंगऱ्या. पुलांवर आणि देवळांत राहणाऱ्या घरपाकोळीच्या पायाची चारही बोटं पुढे वळतात, त्यामुळे तिला तार किंवा फांदी पकडून बसता येत नाही. ती नख्या अडकवून खडबडीत भिंतीला लटकते. खाणं, पिणं, घरट्यासाठी पिसं गोळा करणं, सगळं उडता उडता. पाकोळीला चिमणी-भिंगरीच्या हिशेबाने बघितलं की दुर्बिणीतूनही चूक होते आणि पडलेला पक्षी उचलतानाही.

नावाचाही घोळ आहे. गडांच्या टाक्यांत आणि गुहांत राहणाऱ्या लहान वटवाघळांनाही लोक पाकोळ्याच म्हणतात. गावकऱ्यांकडून माहिती घेताना "दिवसा उडते का तिन्हीसांजेला?" हा प्रश्न आधी विचारा.

पांढरा पट्टा दिसला की घरपाकोळी लिहून मोकळं होणं

कोयना-चांदोलीच्या जंगलात सर्वांत जास्त होणारी चूक ही. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या बाजूने पांढरा पट्टा घरपाकोळीला असतो हे खरं. पण तसाच पट्टा जंगलातल्या एका छोट्या पाकोळीलाही असतो. इंग्रजीत तिला व्हाइट-रम्प्ड स्पाइनटेल म्हणतात, शास्त्रीय नाव झूनाव्हेना सिल्व्हाटिका. आपण तिला जंगलपाकोळी म्हणू. पश्चिम घाटाची जंगलं, मध्य भारत आणि हिमालयाचा पायथा हा तिचा मुलूख. लांबी जेमतेम ११ सेंटीमीटर.

दोघींतला फरक पाठीवर शोधू नका, पोटाकडे बघा. घरपाकोळीचा गळा पांढरा आणि बाकी सगळं पोट, अगदी शेपटीखालपर्यंत, काळपट. जंगलपाकोळीचं उलट: गळा-छाती करडी-तपकिरी आणि पोटाचा मागचा भाग व शेपटीखालची पिसं पांढरी. पक्षी वळताना एकदा जरी खालची बाजू उजेडात आली तरी निकाल लागतो. दुसरी खूण पंखांची. घरपाकोळीचे पंख विळ्यासारखे. जंगलपाकोळीचे पंख अंगाजवळ आवळल्यासारखे अरुंद, मध्ये रुंद आणि टोकाला पुन्हा निमुळते.

नावात 'स्पाइन' आहे म्हणून शेपटीतले काटे शोधत बसणं ही त्यातलीच एक उपचूक. शेपटीच्या पिसांचा कणा पिसाबाहेर किंचित डोकावतो, तोच हा काटा. झाडाच्या पोकळ खोडात आतल्या भिंतीला लटकताना तो टेकू म्हणून कामी येतो. पण उडत्या पक्ष्यात तो दुर्बिणीतून जवळपास दिसतच नाही. काटा दिसला नाही म्हणून 'जंगलपाकोळी नाही' असं ठरवू नका.

हिवाळ्यात घाटात आणखी एक पांढऱ्या पट्ट्याचा पाहुणा येतो, युरोपीय घरभिंगरी. तिचं पोट गळ्यापासून मागपर्यंत पांढरंशुभ्र आणि शेपटी दुभंगलेली असते. तिची उडण्याची ढबही भिंगरीचीच: चार फडफडाटी, मग तरंगणं.

आकार नजरेने मोजणं

मोकळ्या आभाळात आकाराला आधार नसतो. लांबवरची मोठी पाकोळी आणि जवळची घरपाकोळी सारखीच वाटते. कड्यांवर, गडांच्या बुरुजांवर भन्नाट वेगाने फिरणारी मोठी पाकोळी २० ते २२ सेंटीमीटरची. पोट पांढरं, छातीवर तपकिरी आडवा पट्टा, गळा पुन्हा पांढरा. हा पट्टा दिसेपर्यंत थांबा. त्याच कड्यांवर तपकिरी कडाभिंगरी असते. ती संथ घिरट्या घालते आणि कड्याच्या कपारीवर चक्क बसते.

पानगळीच्या जंगलात उंच वठलेल्या फांदीवर ताठ बसलेला, डोक्यावर तुरा आणि लांब दुभंगलेल्या शेपटीचा करडा पक्षी दिसला, तर ती तुरेवाली पाकोळी. नावात पाकोळी असली तरी तिचं कूळ वेगळं मानतात. ती फांदीवर बसते, ही तिची सोपी खूण.

खात्री नसेल तर यादीत 'पाकोळी, जात अनिश्चित' असं लिहा. चुकीच्या नावापेक्षा ही नोंद जास्त मोलाची, कारण पुढे फोटो तपासून ती सुधारता येते. ठामपणे लिहिलेली चूक मात्र वर्षानुवर्षं तशीच फिरत राहते.

चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी उभं राहणं

दाट झाडीखालच्या पायवाटेवरून जंगलपाकोळी दिसत नाही, ती झाडांच्या शेंड्यांवरून उडते. त्यापेक्षा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला, मोकळ्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा रस्त्याच्या वळणावर, जिथून दरीतलं जंगल खाली दिसतं तिथे थांबा. वरून बघितलं की पाठ दिसते आणि पक्षी वळला की पोटही. पाकोळ्या पाणी पिताना चोच उघडून पाण्याला चाटून जातात. संथ पाण्यावर त्या एकाच रेषेत पुन्हा पुन्हा येतात. वळवाची सर पडून गेल्यावर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे निघाले की अर्धा तास सोडू नका, सगळ्या जाती खाली उतरतात.

फोटोत पक्षी नुसता काळा डाग येतो, कारण कॅमेरा उजळ आभाळाप्रमाणे प्रकाश मोजतो. एक्स्पोजर +१ ते +१.७ ठेवा, शटर १/२५०० किंवा त्याहून वेगवान. मात्र फार वाढवलं तर करडा गळाही पांढरा दिसतो आणि वर सांगितलेली खूणच बिघडते.

पडलेली पाकोळी हवेत फेकणं

"पाकोळीला जमिनीवरून उडता येत नाही, वर फेकली की उडते," हे सर्रास सांगितलं जातं आणि त्यात पक्षी मरतात. सपाट जागेवरून उडणं तिला जड जातं, पण धडधाकट पाकोळी बरेचदा तेही करते. ती जमिनीवर पडून राहिली आहे याचा अर्थ काहीतरी बिघडलंय: भिजली, उपाशी आहे, कशाला धडकली, की अजून पिल्लूच आहे. अशा पक्ष्याला फेकलं तर तो दगडासारखा खाली येतो.

सुती रुमाल टाकून अलगद उचला. झाकणाला चार-पाच भोकं पाडलेला बुटांचा खोका घ्या, तळाला साधा कागद किंवा गुळगुळीत सुती कापड. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नख्या अडकतात. तारेचा पिंजरा तर अजिबात नको. पंखांची लांब पिसं एकदा मोडली की पुन्हा येईपर्यंत पाकोळी उपाशी मरते. खोका अंधाऱ्या, शांत जागी तासभर ठेवा.

उचलताना पिसांतून चपटी, हिरवट-तपकिरी माशी खेकड्यासारखी आडवी पळताना दिसेल. ती पाकोळीच्या अंगावरची रक्तपिपासू माशी. ती माणसावर राहत नाही. घाबरून पक्षी हातातून सोडू नका.

तासाभराने बघा. दोन्ही पंख सारखे मिटलेत का? टोकं शेपटीच्या पुढे जातात का? पंखाची टोकं आखूड आणि पिसांच्या मुळाशी मेणचट नळ्या असतील तर ते पिल्लू आहे, उडवू नका. घरटं हाताशी असेल तर त्याच घरट्यात ठेवा. मोठा आणि सावध पक्षी असेल तर तारा-झाडं नसलेल्या, खाली गवत असलेल्या मैदानात जा. तो पालथा, उघड्या तळहातावर ठेवून हात डोक्यावर धरा आणि वाट बघा. तो आधी थरथरतो, अंग गरम करतो, मग स्वतः झेप घेतो. पाच-सात मिनिटांत गेला नाही तर परत खोक्यात. गच्चीवरून, पावसात किंवा अंधार पडल्यावर हा प्रयोग करू नका.

दूध, भात, पाणी

चोच उघडून ड्रॉपरने पाणी सोडलं की ते श्वासनळीत जातं. कापसाचा बोळा ओला करून चोचीच्या कडेला एक थेंब टेकवा, तिला हवं असेल तर ती गिळेल. दूध, पोळी, भात, शिजलेलं अंडं, गांडूळ यांतलं काहीही तिचं अन्न नाही. ती फक्त उडते किडे खाते, आणि चुकीच्या खाण्यावर वाढलेल्या पिल्लाची पिसं कच्ची येतात. म्हणून घरी पाळण्याचा विचारच नको. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन लावा आणि पक्षी कुठे, किती वाजता सापडला ते सांगा.

घरटी काढणं

देवळाच्या मंडपात, पुलाच्या कमानीखाली, जुन्या वाड्याच्या पडवीत पिसं-गवत लाळेने चिकटवून केलेले झुबके म्हणजे घरपाकोळीची वस्ती. अंडी-पिल्लं नसली तरी रात्री मुक्कामाला त्या तिथेच येतात. रंगकाम, डागडुजी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत टाळून थंडीत करा, तेही आत पिल्लं नाहीत हे बघून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणं शिकारीच्या व्याख्येत येतं.

ताडपाकोळीचं घरटं ताडाच्या लोंबत्या पानाखाली चिकटलेलं असतं, अंडीसुद्धा लाळेनेच डकवलेली. बागेची साफसफाई म्हणून सुकी झावळी उतरवण्याआधी दहा मिनिटं खाली उभं राहून बघा: बारीक, लांब शेपटीचे पक्षी पानाखाली घुसतायत का?

आणि जंगलपाकोळीला लागतं ते पोकळ, जुनं, उभं खोड. मालकी रानात वठलेलं झाड दिसलं की सरपणासाठी आधी तेच पडतं. तोडण्याआधी एक संध्याकाळ त्या खोडाकडे लक्ष ठेवा. वरच्या भोकातून काही आत शिरलं तर ते झाड राहू द्या.