रेझिस्टरचे पट्टे जोडीनं वाचा

आयटीआय संपवून कुपवाड एमआयडीसीत कामाला येणाऱ्या पोरांना रेझिस्टरवरच्या (वीजप्रवाहाला विरोध करणाऱ्या छोट्या पार्टवरच्या) पट्ट्यांचे रंग आणि त्यांचे आकडे तोंडपाठ असतात: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. तरी पंपाच्या स्टार्टरचं कार्ड (सर्किट बोर्ड) हातात आलं की अडतात, कारण दर पट्ट्याला मनात पहिल्यापासून मोजत बसतात.

म्हणून मी जोड्या ओळखायला लावतो. लाल-लाल २२, नारिंगी-नारिंगी ३३, पिवळा-जांभळा ४७, निळा-राखाडी ६८. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले दोन पट्टे आकडे आणि तिसरा पट्टा पुढे किती शून्यं ते सांगतो. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४७ वर दोन शून्यं, ४७०० ओहम (ओहम हे विरोधाचं माप). शेवटचा सोनेरी असेल तर ५ टक्के कमी-जास्त चालतं. मल्टीमीटरवर ४४६५ ते ४९३५ मधलं काहीही आलं तरी माल चांगला. एवढं माहीत नसल्यानं चांगले रेझिस्टर उपटून फेकले जातात, त्याचं फार वाईट वाटतं. चंदेरी म्हणजे १० टक्के.

५ टक्क्यांच्या मालिकेत अशा जोड्या २४ च आहेत. त्यात ७४ नाही. ७४ वाचलात तर बहुधा वाचण्यात चूक झालीय.

खरी गफलत निळ्या अंगाच्या, पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्म रेझिस्टरमध्ये होते. तिथं पहिले तीन आकडे, चौथा शून्यांचा, पाचवा टॉलरन्सचा (किती टक्के कमी-जास्त चालतं त्याचा), आणि तो बहुतेक वेळा तपकिरी, म्हणजे १ टक्का. आता तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी घ्या. डावीकडून १००० ओहम, उजवीकडून ११० ओहम, आणि दोन्ही किमती बाजारात मिळतात! टॉलरन्सच्या पट्ट्याआधी थोडी जास्त फट असते, पण छोट्या रेझिस्टरवर ती दिसेलच असं नाही. अशा वेळी सप्लाय बंद करा, एक पाय सोल्डरमधून सोडवा आणि मीटर लावा. पाय न सोडवता मोजलं तर शेजारचे पार्टही मोजमापात येतात आणि रिडिंग सहसा कमी दाखवतं.

२०१९ च्या पुरानंतर कृष्णाकाठची कार्डं गाळानं माखून यायची. गाळ धुतला की रंग दिसायचे. जळालेल्या रेझिस्टरचं तसं नसतं. उष्णतेनं लाल आणि नारिंगीही तपकिरी दिसायला लागतात, त्या रंगांवर विश्वास ठेवू नका. थ्री-फेज कार्डावर आर, वाय, बी या तिन्ही फेजची सर्किटं बहुधा सारखीच असतात. शेजारच्या फेजवरचा जोडीदार शोधा, त्याचे पट्टे वाचा, नव्या रेझिस्टरचं वॅटेजही (किती पॉवर सोसतो ते) तेवढंच घ्या. आणि नवा बसवण्याआधी पुढचा ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे का तपासा, नाहीतर नवा रेझिस्टरही जळेल.